साहेबाच्या नावाचं क्रियापद

लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये १८ ऑक्टोबर १८८० रोजी एक तक्रारीचं पत्र छापून आलं. लिहिणारा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात राहणारा इंग्रज. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शेतावरच्या गड्यांना आणि घरातल्या नोकरांना लोकांनी काम सोडायला लावलं. लोहाराला धमकी आली, की याचं काम केलंस तर जिवाला मुकशील. धोबिणीला कपडे धुवायची मनाई. टपाल आणणाऱ्या पोराला वाटेत अडवून दम दिला. दुकानदार माल देत नाहीत. कुलपं फोडली, फाटकं सताड उघडी टाकली, गडगे पाडले. उभं पीक तुडवलं आणि पळवलं जातंय, आणि कामाला माणूस मिळत नाही.

पत्राखाली सही होती चार्ल्स बॉयकॉट.

मी मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून उभी हयात घालवली. ‘बहिष्कार’ हा आमच्या टेबलावरचा रोजच्या राबत्याचा शब्द. परीक्षेवर बहिष्कार, मतदानावर बहिष्कार, आणि विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर विरोधकांचा बहिष्कार. ही शेवटची बातमी तर इतकी ठरलेली, की जुनी काढून तारीख बदलली तरी चालावं. सरकारं बदलतात, चहा न पिणारे बदलतात, बातमी तीच. आता फोनवर दर आठवड्याला कुठल्या तरी सिनेमाला, साबणाला नाहीतर देशाला ‘बॉयकॉट करा’ म्हणून हाक येते. हाक देणाऱ्यानं तो साबण पूर्वी वापरलेला असतोच असं नाही. एका माणसाचं आडनाव इतकं झिजलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

माणूस तसा सामान्य होता. १८३२ साली इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये जन्म. काही वर्षं पलटणीत काढली आणि नोकरी सोडली. ‘कॅप्टन’ ही उपाधी मात्र कायमची चिकटली. बरीच वर्षं अकिल बेटावर जमीन कसली आणि १८७० नंतरच्या दशकात लॉख मास्क या तळ्याकाठी मोठं घर आणि शेती भाडेपट्ट्यानं घेतली. त्याच वेळी लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या मेयोतल्या दोनेक हजार एकरांचा कारभारी म्हणून नेमणूक झाली. लॉर्डसाहेबांच्या एकूण चाळीस हजार एकरांपुढे हा तुकडा किरकोळच. ते स्वतः दूर फर्मानाच्या वाड्यात राहायचे. कुळांशी गाठ पडायची ती कारभाऱ्याशी. कारभारी कसा, तर फाटक उघडं राहिलं तर दंड, कुणाची कोंबडी किंवा मेंढी हद्दीत शिरली तर दंड, इस्टेटीतलं सरपण वेचायला बंदी. खोतीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही जात वेगळी सांगावी लागत नाही. मोठा जुलूम माणूस एकवेळ विसरतो. सरपणाची मोळी काढून घेतलेली विसरत नाही.

मेयोत आग आधीपासून धुमसत होतीच. १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळात हा परगणा बराच रिकामा झाला होता. १८७९ ला पुन्हा पीक बुडालं. मायकेल डेव्हिट याच परगण्यातला. चार वर्षांचा असताना त्याच्या आईबापांना जमिनीवरून हुसकलं होतं. पुढे इंग्लंडातल्या कापडगिरणीत अकरा वर्षांच्या या पोराचा हात यंत्रात गेला. ऑक्टोबर १८७९ मध्ये त्यानं लँड लीगची स्थापना केली आणि अध्यक्ष म्हणून चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेलला आणलं. गंमत म्हणजे पार्नेल स्वतः जमीनदार, आणि प्रॉटेस्टंट.

१९ सप्टेंबर १८८० ला एनिस गावच्या सभेत पार्नेलनं विचारलं, की शेजाऱ्याला हुसकून रिकामी झालेली जमीन जो घेतो, त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगली आणि धर्माला धरून असलेली वाट आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळात, जिथे तो भेटेल तिथे त्याला एकटं पाडा, जुन्या काळी महारोग्याला पाडायचे तसं. भाषण जमीन हडपणाऱ्या कुळांबद्दल होतं, कारभाऱ्यांबद्दल नव्हतं. पण मेयोच्या लोकांनी ते आपल्या गरजेप्रमाणे वापरलं.

त्या साली लॉर्ड अर्ननं खंडात दहा टक्के सूट देऊ केली होती, कुळांनी पंचवीस मागितली. मिळाली नाही. २२ सप्टेंबरला कोर्टाचा बेलिफ पोलिसांना सोबत घेऊन जमीन खाली करण्याच्या नोटिसा बजावायला निघाला. तीन घरांत लागल्या. चौथ्या घरच्या बाईनं नोटीस घेतलीच नाही, उलट तांबडं निशाण फडकवून आजूबाजूच्यांना बोलावलं. मग त्या पंचक्रोशीतल्या बाया दगड, चिखल आणि शेणखत घेऊन धावल्या. बेलिफ आणि पोलीस कॅप्टनच्या घरात शिरले. दुसऱ्या दिवशी बॅलिनरोब गावाकडून लोक आले आणि बॉयकॉटचे गडी, मोलकरणी, तबेलेवाले सगळे काम टाकून गेले. तळ्यापलीकडच्या काँग गावातून होडीनं शिधा आणायची पाळी आली. घरचे लोक स्वतः शेतात उतरले, पण एवढी मोठी कापणी ती, चार-सहा जणांचा पाड लागतो कुठे!

इथवर घडलं त्यात नवीन काही नव्हतं. माणसाला एकटं पाडणं ही माणसाइतकीच जुनी रीत. नवीन होतं ते हे, की रीत खालून वर वापरली गेली. आणि नेमक्या याच ठिकाणी इंग्रजी कमी पडली.

शब्द सापडला तो प्रसंग जेम्स रेडपाथ या अमेरिकी पत्रकारानं नोंदवून ठेवला आहे. हा रेडपाथ गुलामगिरीविरुद्ध लढलेला माणूस, त्या दिवसांत मेयोत बातमीदारी करायला आलेला. बॉयकॉटच्या शेजारच्या द नील गावचे फादर जॉन ओमॅली यांच्याकडे तो जेवायला बसला होता आणि मजकुरासाठी शब्द शोधत होता. त्याला ‘ऑस्ट्रसाइझ’ सुचला. पण शेतकऱ्यांना तो कळायचा नाही, असं त्याचंच म्हणणं. फादरही म्हणाले, तो चालायचा नाही. थोडा वेळ कपाळावर बोटं आपटत बसले आणि म्हणाले, त्यापेक्षा ‘त्याला बॉयकॉट करा’ म्हटलं तर?

फादरनं नाकारलेला शब्द नुसता अवघड नव्हता, चुकीच्या घरातलाही होता. अथेन्सचे नागरिक मडक्याच्या खापरावर नाव खरवडून पुढाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करायचे, त्यातून तो आला. ‘एक्सकम्युनिकेट’ करतं ते चर्च. ‘ब्लॅकबॉल’ करतात क्लबातले सभासद, पेटीत काळी गोळी टाकून. ‘ब्लॅकलिस्ट’ बहुधा मालकाच्या हातात असते. ‘कॉव्हेंट्रीला पाठवणं’ शाळेतली पोरं नाहीतर कारखान्यातले सोबती करतात, एखाद्याशी बोलणं टाकून. ‘शन’ तर एकटा माणूसही करू शकतो, रस्ता बदलून. या सगळ्यांत दार बंद करणारा आतला, आणि दाराबाहेरचा दुबळा किंवा फार तर बरोबरीचा. धोबिणीनं साहेबाचे कपडे नाकारले याला त्या भाषेत क्रियापदच नव्हतं. मग साहेबाचंच नाव घेतलं.

पत्राची फळं मात्र साहेबाला भरघोस मिळाली. वर्तमानपत्रांनी निधी उभा केला. कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतले पन्नास ऑरेंजमन, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंट स्वयंसेवक, कापणीला निघाले. त्यांना राखायला घोडदळ, पायदळ आणि पोलीस मिळून हजारेक माणसं. १२ नोव्हेंबरला ही वरात पावसात भिजत लॉख मास्कला पोचली. फादर ओमॅलींनी आपल्या लोकांना बजावलं होतं, की कुणी बोट लावायचं नाही, रस्त्यावर यायचंही नाही. किस्सा असा सांगतात, की शुकशुकाटाच्या रस्त्यावर एक म्हातारी तेवढी उभी दिसली, तेव्हा फादर तिच्यावर खेकसले: ब्रिटिश सैन्याला भेडसावू नकोस असं सांगितलं होतं ना तुला?

दोन आठवडे बटाटे, सलगम काढणं आणि धान्य मळणं चाललं. पाचेकशे पौंडांचं पीक निघालं आणि ते काढण्यापायी सुमारे दहा हजार पौंड खर्च झाले. पार्नेलनं हिशेब मांडला, की एकेक सलगम सरकारला एक शिलिंगाला पडलं. २७ नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंब निघालं तेव्हा गाडी हाकायला माणूस मिळेना, म्हणून लष्कराच्या रुग्णगाडीतून त्यांना न्यावं लागलं. डब्लिनच्या ज्या हॉटेलात उतरले, त्या मालकाला लगेच चिठ्ठी आली, की यांना ठेवलंत तर तुमचीही तीच गत. १ डिसेंबरला ते इंग्लंडच्या बोटीत बसले. पुढच्याच महिन्यात, ४ जानेवारी १८८१ ला, पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. दोन्हींचा काही संबंध नाही. पण पुढे संबंध येणार होता.

शब्द वाऱ्यासारखा पसरला. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, सगळ्यांनी उचलला. ऑक्सफर्डचा मोठा कोश तेव्हा तुकड्यातुकड्यांनी छापला जात होता. १८८७ साली निघालेल्या त्याच्या तिसऱ्या भागात तो शिरला. कॅप्टन तेव्हा हयात होता, पंचावन्न वर्षांचा.

आता दुसरं पत्र.

मी टेबलावर नवा असताना कोकणातल्या एका खेड्यातून अंतर्देशीय पत्र आलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. निळ्या शाईनं, कडेची जागाही न सोडता लिहिलेलं. देवस्थानच्या जमिनीवरून गावकीशी भांडण झालेलं. गावकीनं बैठक घेऊन घर वाळीत टाकलं. न्हावी दाढीला हात लावत नाही. गिरणीवाला पीठ दळून देत नाही, दोन कोसांवरच्या गावी डबा घेऊन जावं लागतं. वाण्यानं उधारी बंद केली आणि रोकडाही घेत नाही. जो बोलेल त्याला एक्कावन्न रुपये दंड. पत्र लिहिणाऱ्याची आई वारली तेव्हा तिरडीला चार खांदे मिळाले नाहीत. तालुक्याहून दोघं मेहुणे आले तेव्हा उचलली. आणि शेवटी, जणू हेच सगळ्यात मोठं असल्यासारखं, वेगळ्या ओळीवर: शिमग्याला पालखी आमच्या दारावरून थेट पुढे गेली.

ज्याला कोकण माहीत नाही त्याला ही शेवटची ओळ कळणार नाही. शिमग्यात ग्रामदेवता पालखीत बसून घरोघरी येते. मुंबईचा चाकरमानी गणपतीला चुकेल पण त्या दिवसाला चुकत नाही. अंगण सारवून, रांगोळी काढून, ओटीचं ताट घेऊन बाया दारात उभ्या असतात. पालखी न थांबता पुढे जाणं म्हणजे, तुम्ही या गावात राहत नाही असं देवीच्या तोंडून सांगणं.

पत्र मुख्य उपसंपादकांकडे नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि परत दिलं. “अहो, गावगाड्यात हे चालायचंच. पाचव्या पानावर टाका तीन ओळी. नावं नकोत.” त्याच दिवशी पहिल्या पानावर चार कॉलमांत बातमी होती ती नगरपालिकेच्या सभेवर कुणा नगरसेवकांनी टाकलेल्या बहिष्काराची. नगरसेवक सभागृहाबाहेर भजी खात होते, असं आमचा बातमीदार सांगत होता.

लोहार, धोबीण, टपाल, दुकान. न्हावी, गिरणी, वाणी, खांदेकरी. दोन्ही पत्रांतली यादी एकच आहे. एका पत्रामागून हजार शिपाई धावले आणि जगाला शब्द मिळाला. दुसऱ्याला तीन ओळी. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा मार गरिबावर हजारदा पडतो तेव्हा त्याला रीत म्हणतात. साहेबावर एकदा पडला की तो इतिहासात जातो.

आपल्याकडे या रीतीला नावं होतीच. वाळीत टाकणं, ग्रामण्य, पंक्तीला मज्जाव, रोटी-बेटी बंद. पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक, गोखले यांच्यासकट बड्या बड्या मंडळींवर ग्रामण्य आलं. गोपाळराव जोश्यांनी नावं छापवून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, टिळकांनी आपण काशीला घेतलंच आहे असं सांगितलं; तरी पुढे बराच काळ धर्मकार्याला भटजी मिळवताना त्यांना मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. असा हा माणूस पंधरा वर्षांनी तेच हत्यार उलट्या बाजूनं धरतो. बंगालच्या फाळणीची घोषणा झाल्यावर ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला आणि टिळकांनी तो महाराष्ट्रात आणला. ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. त्यापायी फर्ग्युसन कॉलेजनं सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढलं. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या पंगतीला बहिष्कार जाऊन बसला. आयर्लंडचा धडा इथे पोचला होता. भटजी न मिळण्याचा आणि मँचेस्टरचं धोतर न घेण्याचा मासला एकच, हे मात्र तेव्हा कुणी मोठ्यानं बोललेलं मला आढळलं नाही.

ते बोलले आंबेडकर. १९२४ साली त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ सालच्या पत्राचं नाव ‘बहिष्कृत भारत’. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिऊन लोक आपापल्या गावी परतले, तेव्हा तिथे मार आणि वाळीत दोन्ही वाट पाहत होतं. पुढे मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सभासद होते. त्या समितीनं नोंदवलं, की अस्पृश्यांवर बहिष्कार पडायला कारणं कसली पुरतात: कुणी जमीन घेतली, कुणी चांगला कपडा नेसला, कुणी वरात गावातून नेली. ही माणसं गावकऱ्यांच्याच शेतावर मजुरी करतात. मजुरी बंद, वाण्याचं दुकान बंद, गावातून जायची वाट बंद; हात न उगारता घर उपाशी मारता येतं. १९३० साली गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली, तेव्हा बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी त्यात होती. कलमांचा मसुदा त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशाच्या बहिष्कारविरोधी कायद्यातून घेतला होता. सारा देश ज्याला देशभक्तीचं शस्त्र म्हणत होता, त्याच्या पात्याखाली कोण आहे हे पाहायची सवय या एकाच माणसाला होती.

आयर्लंडनंही पुढे हे हत्यार खाली वळवलंच. पोपनं १८८८ साली बॉयकॉटचा निषेध केला तो जमीनदारांच्या सोयीचा होता, तिकडे कुणी फार लक्ष दिलं नाही. पण १९०४ साली लिमरिकमध्ये एका पाद्र्याच्या प्रवचनांनंतर गावातल्या मूठभर ज्यू कुटुंबांशी व्यवहार बंद झाला आणि त्यांतल्या कित्येकांना शहर सोडावं लागलं. १९५७ साली वेक्सफर्ड परगण्यातल्या फेथर्ड-ऑन-सी गावात एका प्रॉटेस्टंट बाईनं, मुलींना कॅथलिक शाळेत घालायच्या दडपणाला कंटाळून, त्यांना घेऊन घर सोडलं. तर कॅथलिकांनी गावातल्या सगळ्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांची दुकानं टाकली, दूध टाकलं, संगीत शिकवणाऱ्या बाईकडे मुलं पाठवणं बंद केलं. तेव्हाच्या पंतप्रधान डी व्हॅलेरांनी संसदेत त्याचा निषेध केला. पार्नेलनं एनिसला दिलेल्या यादीत आणि या यादीत मला फारसा फरक दिसत नाही.

आणि कॅप्टन? तो १८८१ च्या शरदात लॉख मास्कला परत आला. सुरुवातीला हुर्यो झाली, त्याचा पुतळा जाळला. मग हळूहळू गडी मिळू लागले, दुकानं उघडली. त्याच सालच्या जमीन कायद्यानं कुळांना वाजवी खंड आणि जमिनीवर कायमपण मिळालं होतं. भांडणाचं मूळच ढिलं झालं. १८८६ मध्ये त्यानं सफोकमध्ये दुसऱ्या इस्टेटीची नोकरी धरली. सुट्टीला मात्र आयर्लंडलाच जायचा. १८९७ साली वारला. मेयोच्या लोकांनी बहिष्कार संपवला, ही गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे आजोबांच्या वेळच्या वाळीतीपायी नातवाच्या लग्नाला वऱ्हाड जमत नाही. आणि जाणार कुठे? कारभाऱ्याला सफोक होतं. ज्याची जमीन, विहीर, देव आणि स्मशान एकाच गावात, त्याला कुठलं सफोक?

कायदा व्हायलाही आपल्याकडे बराच काळ गेला. मुंबई राज्यानं १९४९ साली जातीबाहेर टाकण्याविरुद्ध कायदा केला. बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरुद्ध मताचे. मग पन्नास वर्षांवर शांतता. जातपंचायतींच्या आणि गावक्यांच्या तक्रारी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी चव्हाट्यावर आणल्या, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा एकमतानं मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यातलं बहिष्कार म्हणजे काय हे सांगणारं कलम मी निवृत्तीनंतर सवडीनं वाचलं. लग्न, अंत्यविधी, देऊळ, स्मशान, शाळा, दवाखाना, सभागृह, धंदा, एकेक करून सगळं मोजलेलं. ते निळ्या शाईचं पत्र लिहिणारा गृहस्थ हे कलम तोंडपाठ म्हणू शकला असता. पिठाची गिरणी नाव घेऊन त्यात आलेली नाही. पण सेवा नाकारणं यात ती बसते, असं माझा एक वकील मित्र म्हणतो. पालखीचं विचारलं तर म्हणाला, तेही बसतं, फक्त साक्षीदार गावातलाच लागेल.